शेवटच्या पानाची शपथ

त्याला सगळे थंडोबा म्हणायचे. उभी हयात कोल्ड स्टोरेजच्या मशीनरूममध्ये काढलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? शिवाय स्वभावही नावाला साजेसाच. घराला आग लागली तरी हा आधी चहा संपवील, असं बायको म्हणायची, आणि ती फार काही वाढवून सांगत नव्हती. कानावर कॉम्प्रेसरची घरघर, एक डोळा काट्यांवर आणि मांडीवर पुस्तक, असा त्याचा दिवस जायचा. पुस्तक नेहमी रहस्यकथेचंच.

या खेपेला वाचनालयातून आणलेली कादंबरी उशीएवढी जाड होती. ताऱ्यांमधून चाललेलं एक अवाढव्य जहाज, त्यावर भांडणारी राजघराणी, त्यांच्या लढाया आणि मध्येच एक खून. लढायांची पानं थंडोबा भराभर उलटायचा. सूर्य फुटले काय नि राज्यं बुडाली काय, त्याला सोयरसुतक नव्हतं. त्याचा जीव अडकला होता तो खुनात. जहाजावरच्या साठवणीच्या खोलीत एक खलाशी गोठून मेलेला सापडतो. दार बंद. बाहेर नुसता अथांग काळोख, तेव्हा परका कोणी येऊन मारून गेला म्हणायची सोयच नाही. ज्याने केलं तो रोज सगळ्यांबरोबर जेवायला बसतो आहे.

हे वाचताना पुस्तक खाली ठेववत नव्हतं. बंद दार आणि त्यापलीकडची थंडी तो रोजच बघत होता. जेवताना तो बायकोला म्हणाला, “विचार कर. आपण ज्याला भाजी वाढतोय, तोच निघाला तर?”

बायको घरी शिवणकाम करायची. ती म्हणाली, “माझी कात्री हाताशीच आहे. गप जेवा.”

समोर तिचा धाकटा भाऊ बसला होता. तोही त्याच कोल्ड स्टोरेजमध्ये माल आत-बाहेर करायचा आणि दाजींचं पुस्तक दाजींच्या पाठोपाठ वाचायचा. एकाच पुस्तकात दोघांच्या दोन खुणा असत. या मेहुण्याला एकच वाईट खोड होती. तो शेवटचं पान आधी वाचायचा आणि वर पोटात काही ठेवायचा नाही. मागच्या कादंबरीतला खुनी त्याने ऐन जेवणात सांगून टाकला होता आणि थंडोबा, साक्षात थंडोबा, पानावरून उठला होता. तेव्हा या वेळी त्याने बायकोलाच मध्ये घातलं.

“तुझ्या भावाला सांग. पहिल्या पानापासून सरळ वाचायचं.”

“माझी शपथ आहे तुला,” ती भावाला म्हणाली. “शेवट बघायचा नाही.”

मेहुणा जरा वरमला. “नाही बघत, ताई. सुटली शपथ म्हणेपर्यंत नाही बघत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी थंडोबा शेवटच्या प्रकरणाला लागला. मालक बाहेरगावी, आवारात दोघंच. मटारच्या खोलीतली खोकी हलवायची म्हणून मेहुणा ट्रॉली घेऊन मघाशीच गेला होता. त्याचा चहा बशीखाली झाकून ठेवलेला होता.

आणि थंडोबाला खुनी सापडला. म्हणजे खुनी नव्हताच कोणी. जहाजाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने, येता-जाता सामान अडकतं म्हणून, त्या दाराची आतली मूठ काढून ठेवली होती. नंतर बसवू म्हणाला आणि विसरला. मेलेल्यासाठी सगळ्यात जास्त रडला होता तोच.

“हात्तिच्या,” थंडोबा म्हणाला. एवढी पानं वाचायला लावून ही फसवणूक. चहाचा घोट घ्यायला त्याने हात पुढे केला आणि त्याचं लक्ष टेबलाच्या खणाकडे गेलं. खणात मटारच्या खोलीच्या दाराची आतली मूठ होती. ट्रॉली तिच्यावर आपटून दार उघडायचं, गारवा जायचा, मालक खेकसायचा, म्हणून त्यानेच ती काढली होती. तेव्हापासून, दार आपोआप लागू नये म्हणून, आत जाणाऱ्याने दाराखाली लाकडी पाचर लावायची, असं ठरलं होतं.

मेहुण्याच्या बशीखालचा चहा पार निवला होता.

पुस्तक त्याच्या हातून खाली पडलं. तो पळत सुटला. जन्मात कधी पळाला नव्हता तो बोळातून धडपडत गेला. मटारच्या खोलीबाहेर रिकामी ट्रॉली उभी होती आणि दार बंद होतं. त्याला बायकोचा चेहरा दिसला. तिला काय सांगायचं, एवढंच डोक्यात. त्याने दार ओढलं आणि हाका मारत थेट खोक्यांच्या रांगांमागे शिरला. या कोपऱ्यात नाही, त्या कोपऱ्यात नाही. आत कोणीच नव्हतं. मेहुणा बहुधा फाटकाबाहेर टपरीवर गप्पा मारत बसला असेल. थंडोबाला इतकं हायसं वाटलं, की त्याला रडूच आलं.

मग मागे दार लागल्याचा जड आवाज झाला. पाचर बाहेर, भिंतीशीच राहिली होती.

त्याने दारावर मुठी आपटल्या, लाथा घातल्या. वीतभर जाडीचं दार, आणि पलीकडे कॉम्प्रेसरचा आवाज. फोन टेबलावर, जाड कोट खुंटीला. तो जागच्या जागी पाय आपटत राहिला आणि त्याला पुढचं सगळं दिसू लागलं. मेहुणा येईल. खुर्ची रिकामी बघून म्हणेल, दाजी गेले असतील इकडेतिकडे. खाली पडलेलं पुस्तक उचलेल, झटकेल, आणि बसेल वाचत.

शेवटचं पान बघ रे, तो दाराला म्हणाला. फक्त आज, तेवढंच बघ. ते वाचलं तर तू धावत येशील.

पण मेहुण्याची खूण अजून तिसऱ्या प्रकरणातच होती. आणि ताईची शपथ त्याने आजवर मोडली नव्हती.