चालतंय, हात लावू नका

पेपरच्या ऑफिसात किस्से रद्दीसारखे साचतात. रद्दी निदान कोणीतरी घेऊन जातं.

आमच्या नांदेडच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स, लातूरला मॅक. दोन्हीकडच्या स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या कमांडच्या याद्या, लिहिणारा एकच, उदगीरचा बसवराज. कमांडची नावं दोन्हीकडं तीच, वागणं वेगळं. बसवराजला हे पाठ. आम्हाला कळायचं ते काम अडल्यावर. आणि लातूरच्या मशीनवर, पानांच्याच फोल्डरात, माझे वीस वर्षांचे फोटो.

०

पानावरची तारीख बदलणारी कमांड लातूरला अडली. पानं लावणाऱ्या संगीताताईंचा फोन आला. बसवराज म्हणाला, "ताई, तिथं दोन रिकामे कोट टाका, अवतरणचिन्हं." चाललं. दुसऱ्या दिवशी तीच फाईल नांदेडला अडली. "सर, कोट काढा." तीन दिवस नुसती काढघाल.

"का ते लिहून ठेव ना."

"लिवलंय की सर."

स्क्रिप्टमध्येच टीप होती. ‘इथं कोट टाकले.’ अरे, कोट आम्हालाही दिसतात! कुठल्या मशीनसाठी टाकले, ते कोण सांगणार?

०

झापल्यावर त्यानं जागोजाग लिहिलं, ‘चालतंय, हात लावू नका.’ रस्त्यावरच्या विजेच्या डीपीवरसुद्धा कवटी काढलेली असते. हात लावला तर काय होईल, ते अडाण्यालाही कळतं.

०

शेवटी मी सगळ्या स्क्रिप्टचे प्रिंट मागवले. आमच्याकडं श्रद्धांजलीची जाहिरातही लाल पेन फिरल्याशिवाय जात नाही. मी त्याच्या टिपांवर सपासप काट मारली. "फालतू ओळ एक ठेवायची नाही."

"सर, एकदा वाचून तर बघा."

"तीस वर्षं वाचूनच राहिलोय मी."

०

महिन्याभरानं संगीताताईंनी नांदेडची जुनी पानं पुसणारी स्क्रिप्ट लातूरला चालवली. तिचं काम सोपं: सात दिवसांपूर्वीची तारीख काढायची, त्या तारखेचं फोल्डर पुसायचं. तारीख मागायची ती पद्धत मॅकला कळली नाही. तारखेच्या जागी रिकामं आलं, आणि पानांचं अख्खं फोल्डर पुसलं गेलं. हिमायतनगरचा मोर्चा गेला, रेणापूरची गारपीट गेली. सगळं गेलं.

बसवराजला घेऊन लातूर गाठलं.

"न वाचता चालवलीच कशी?"

"वाचूनच चालवली सर," संगीताताई म्हणाल्या. "त्यात काही लिहिलेलंच न्हाई."

मी बसवराजकडं वळलो. "एक ओळ लिहायला हात मोडले होते का?"

त्यानं बॅगेतून घडी घातलेला प्रिंट काढला, उलगडून समोर ठेवला.

‘मॅकवर ही तारीख रिकामी येते. मग सगळंच पुसलं जाईल. लातूरला चालवू नका.’

त्यावर आडवी लाल रेघ. समासात माझी सही.