मोशीच्या चढावरची उलटी बारी

"सोड! सोड म्हनते ना तो बिरीक! जाऊ दे एकदाची नदीत!"

आत्या रस्त्याच्या कडेला उभी राहून ओरडत होती. आवाज असा, की इंद्रायणीच्या पलीकडच्या काठावर पाणी पिणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या. मी मोशीच्या चढावर, बरोबर मध्यावर, ट्रकमध्ये दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसलेला. मागे हौदाभर डबर, म्हणजे पायाभरणीचे काळे दगड. इंजिनाने मान टाकलेली. आणि शेजारून कांद्याच्या गोण्या भरलेल्या बैलगाड्या घुंगरं वाजवत आरामात वर चाललेल्या.

"काय ड्रायवरसायेब, कासरा बांधू का फुडं?" एका गाडीवानाने विचारलं.

"तुझ्या बैलांना बांध. माझी गाडी जरा नदी बघायला थांबलीय."

मग ब्रेक सोडत, धरत, पुन्हा सोडत मी गाडी मागे मागे आणत चढाच्या पायथ्याला, मारुतीच्या देवळासमोरच्या सपाटीवर उभी केली. एक दगड सांडला नाही. त्या दिवशी हौद्यात निम्मा भीमाशंकर भरला होता असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. थोडा कमी असेल.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सासरहून ती परत आली ती दोन बैल घेऊन, आणि त्या बैलांनी चाकणपासून खेडपर्यंत एकही शर्यत दुसऱ्याला मिळू दिली नाही. आमच्या भागात शर्यतीचे बैल चढावर पळवतात. जोडीच्या एका धावेला बारी म्हणतात, आणि बारी चांगली झाली की माणसं भंडारा अशी उधळतात की कावळेसुद्धा पिवळे होऊन घरी जातात. बैल म्हातारे झाले तेव्हा आत्याने लष्करी लिलावातून हा ट्रक आणला. निवडला तोही शर्यत लावून. मैदानात चार गाड्या पळवायला लावल्या आणि पुढे आली तिच्यावर हात ठेवला. घरी आणून बॉनेटला हिंगूळ फासला, जसा बैलांच्या शिंगांना फासतात.

गाडी पळायची, यात वाद नाही. रिकामी असली की वाऱ्याच्या आधी पोचायची आणि वारा आला की त्याला विचारायची, उशीर का झाला. पण पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखान्यांचे पाये भरत होते, आणि तिथे वाऱ्याला काम नव्हतं, दगडाला होतं. भरलेली गाडी काही केल्या मोशीचा चढ चढेना. तिथल्या मुकादमाने सांगून ठेवलं होतं, भरून आणणार असाल तर या. अर्धी गाडी आणायला बैलगाड्या आहेत की.

"चाकणच्या बाजारादिवशी मंचरचं गिऱ्हाईक येतंय," आत्या म्हणाली. "गाडी त्याला देऊन टाकते. तू उद्यापास्नं कांद्याला पानी धर."

पाणी धर! पंचक्रोशीत तेव्हा ड्रायव्हर मी एकटा. मी रस्त्याने गेलो की मास्तर वर्ग सोडून बाहेर येत. आणि हा माणूस उद्यापासून फावडं घेऊन वाफ्यात उभा राहणार? मी सरळ सांगितलं, "धरणार नाही. गाडीत खोट नाही आत्या. तिचे दात चुकीचे आहेत."

ट्रकच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये लोखंडी मडक्यासारखा फुगवटा असतो ना, त्याच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात. लहान ते पिनियन, ते इंजिनाच्या दांड्याने फिरतं. मोठं ते क्राऊन, ते चाकांना फिरवतं. आमच्या गाडीत दांडा पाच वेळा फिरला की चाक एकदा फिरायचं. म्हणून पळायची. दांडा साडेसहा वेळा फिरून चाक एकदा फिरेल अशी जोडी घातली, तर गाडी पळणार कमी पण ओढणार रेड्यासारखी. अशी जोडी मला ठाऊक होती. पुण्याच्या जुन्या बाजारात, तोफ ओढणाऱ्या तसल्याच एका मोडक्या गाडीतली.

"म्हंजे गाडी हळू करनार तू?" आत्याचे डोळे एवढे झाले. "माझा शर्यतीचा बैल नांगराला जुंपनार? लोक थुकतील की माझ्या तोंडावर!"

"शर्यतीच्या बैलावर तू कधी डबर लादलं होतंस का?"

आत्याने होकारार्थी मान हलवली. हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि तेव्हाही तिला शिंक येत असावी.

"कर काय करायचं ते," ती शेवटी म्हणाली. "पन हितंच करायचं, भरल्या गाडीला. एक दगड खाली उतरला, तर गाडी इकली समज."

"नाही उतरत," मी म्हणालो. "तूच मोजत बस."

बसली! खरंच, देवळाच्या पायरीवर बसली.

मी जुन्या बाजारातून जोडी आणली आणि वाटेत चिंचवडहून मिस्तरीला उचललं. मिस्तरी कोकणातला. त्याच्या बढाईपुढे मी म्हणजे मुका.

"अरे, लढाईत डोक्यावरनं गोळ्ये जात असताना मी ह्या काम केलंय!"

"कुठं?"

"रत्नागिरीत."

नदीतले गोटे रचून आम्ही गाडीच्या सांगाड्याखाली खांब उभे केले, चाकं काढली, दोन्ही चाकांचे दांडे बाहेर ओढले आणि ते लोखंडी मडकं उघडलं. आतून काळं तेल आलं ते इतकं, की त्यात आळंदीच्या सगळ्या समया वर्षभर जळाल्या असत्या. बघायला अर्धी मोशी जमली. जो येईल तो सल्ला देई. कुणी म्हणालं गाडीला गूळ चारा, कुणी म्हणालं नजर काढा. मी म्हणालो, आधी तुमचीच काढतो, सरका.

नवे दात एकमेकांत नीट बसतात की नाही, हे बघायला दातांना शेंदूर तेलात कालवून लावतात. फिरवून बघायचं, शेंदूर दाताच्या मध्यावर पुसला गेला तर बैठक बरोबर. मिस्तरी शेंदूर विसरला होता. पण समोर मारुती होता.

"देवाचा शेंदूर गाडीला?" पुजारी आडवा झाला.

"पुजारीबुवा, डोंगर उचलायची सवय त्यालाच आहे. आम्हाला दगडच उचलायचाय."

बुवाने शेंदूर दिला, पण अट घातली. लोखंडाला देवाचा शेंदूर लागला, म्हणजे आता ते नुसतं लोखंड नाही. त्याची पाठ मारुतीकडे नको. लगेच दहा हात पुढे आले. पोत्यावर ठेवलेलं क्राऊन त्यांनी उचललं, उलटं केलं आणि त्याचं तोंड देवळाकडे करून ठेवलं. कुणी हळद लावली, कुणी नमस्कार केला. पिनियन तिथेच त्यावर फिरवून पाहिलं, आणि शेंदराची खूण दातांच्या बरोबर मध्यावर उमटली तेव्हा मिस्तरी तर नाचलाच. त्याच नाचात आम्ही क्राऊन जसं होतं तसं, मारुतीकडे तोंड करून आत बसवलं. मडकं दोन सारख्या वाट्यांचं. आतलं चाक इकडून बसवा नाही तर तिकडून, बसतं. मडकं कशाला सांगेल?

बाजाराचा दिवस उजाडला. मंचरचं गिऱ्हाईक पांढरं धोतर नेसून आलं, गाडीभोवती फिरलं, टायरांना लाथा मारून झाल्या. रस्त्यावर कांद्याच्या गाड्या थांबल्या. मी इंजिन चालू केलं, पहिला गियर टाकला, क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

पुन्हा पहिला टाकला. पुन्हा मागे. दुसरा टाकला, जरा जोरात मागे. मारुतीकडे तोंड केलेलं क्राऊन पिनियनच्या उलट्या बाजूला बसून मारुतीच्या बाजूचं झालं होतं, आणि गाडीचं पुढे ते मागे, मागे ते पुढे! मिस्तरी म्हणाला, "असा रत्नागिरीत नव्हता झाला." लोक हसून लोळले. आत्या पायरीवरून उठली, आणि गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, घेतो मी, पर मोडीच्या भावानं."

तेव्हा माझं डोकं फिरलं. पहिला गियर गाडी मागे नेतो? मग मागेच नेऊ. चढाला कुठे ठाऊक आहे की गाडीचं तोंड कोणतं? रिव्हर्स गियर टाकला की गाडी पुढे जायची खरी, पण लढाईत त्याची झीज झालेली. जोर आला की सुटायचा. सपाटीवर मिस्तरीने तो दोन्ही हातांनी दाबून धरला आणि मी गाडी वळवून तिची शेपूट चढाला लावली. मग दाराबाहेर अर्धा लोंबकळून, मान मागे वळवून मी पहिला टाकला.

गाडी चढायला लागली.

हळू, पण थांबेना. चाक फिरायचं तर असं, की टायरवरची मुंगीसुद्धा खाली न पडता फिरून वर यावी. पण इंजिन कुरकुरलं नाही, दगड हलला नाही. जिथे त्या दिवशी मान टाकली ती जागा आली आणि गेली. गाडीवानांनी बैल बाजूला घेतले. तो कासरावाला तोंड उघडं ठेवून बघत होता. मी त्याला वरूनच विचारलं, "बांधू का तुझ्या बैलांना?"

आणि मग आत्या. पदर खोचून ती हौद्याच्या पुढून चढायला लागली, शर्यतीत बैलांच्या पुढे चालावं तशी, हात उंच करून. "भिर्रर्र! आली रं, आली!" मागून पुजारीबुवा आणि निम्मं गाव. भंडारा कुठून आला कुणास ठाऊक. माझ्या नाकातोंडात गेला, इंजिनात गेला, पुढे महिनाभर गाडी पिवळा धूर सोडत होती. माथ्यावर मी ब्रेक लावला तेव्हा पिंपरीचा सगळा माळ समोर होता. म्हणजे माझ्या पाठीमागे.

क्राऊन काढून आम्ही दुसऱ्या दिवशी सरळ बसवलं. पण ती चूक होती असं जे म्हणतात, त्यांना मी आजही विचारतो, तुमची गाडी सरळ तोंडाने तरी चढली होती का?

गिऱ्हाईक धापा टाकत वर आलं. धोतरावर भंडारा, हातात चप्पल.

"अवो बाई, ही तर उलटी चालतीया!"

आत्याने हौद्यातले दगड एकदा नजरेने मोजले, पदराने तोंड पुसलं.

"इकायची न्हाई."