पडलेला वारा

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात शालिग्रामला विचारल्याशिवाय कुणी फवारणीचा पंप पाठीला लावत नसे. रेडिओवरचा अंदाज गेला चुलीत. शालिग्राम टोपीच्या घडीतून कापसाची चिमूट काढायचा, शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभा राहून खांद्याच्या उंचीवरून सोडायचा आणि ती कशी पडते ते बघायचा. भिरभिरत गेली, तर घरी जा. सरळ पायाशी पडली, तर वारा पडलेला आहे, औषध उडणार नाही, मारून घ्या. तीस वर्षं हा माणूस वाऱ्याचा पाटील होता, आणि खोटं कशाला बोला, त्याला त्याचा ताठाही होता.

बोंडअळीच्या साली बीटी कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. सप्टेंबरातल्या एका सकाळी चिमूट सरळ पायाशी पडली. शालिग्राम घरी आला आणि ओसरीतूनच बायकोला, अंबूबाईला म्हणाला, "वारा पडला हाये. जीवनले सांग, आजच मारून घे." जीवन त्यांचा एकुलता एक मुलगा, सव्वीस वर्षांचा. दुपारी तो पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासातच पडलेला सापडला. अकोल्याच्या एका दवाखान्यात चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी त्याला आणला तो गाडीत आडवाच.

गावानं कारणं शोधली. कुणी म्हणालं पंप गळका होता, कुणी म्हणालं दोन औषधं एकात मिसळली. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? शालिग्रामला मात्र कुणी काही म्हटलं नाही. त्यानं टोपी खुंटीला अडकवली आणि तेव्हापासून त्याला काही वाटेनासंच झालं. भाकर तोंडात जायची, खाली उतरायची. तेरवीला बापाच्या डोळ्यात टिपूस नाही म्हणून भावकीतली भिमाबाई चार लोकांत बोलली, तेही त्याला लागलं नाही. आत एकच गोष्ट उरली होती. त्या दिवशी आपलं चुकलं का? चुकलं असेल, तर पोरगं आपल्या शब्दानं गेलं. पण विचारणार कुणाला? वाऱ्याचं काही विचारायचं तर सारं गाव त्याच्याचकडे यायचं.

शेत बटाईनं देऊन तो दोन वर्षं नुसता बसून होता. मग जंगलात हवेचा अभ्यास करणारी माणसं आली, तेव्हा रानाची माहिती असलेला म्हणून त्याला कामावर घेतलं. त्यांनी सागवानात काचेची वायर ओढली होती, गुडघ्याएवढ्या, डोक्याएवढ्या आणि शेंड्याएवढ्या उंचीवर. आत केसासारखी काच. एका टोकानं तिच्यात उजेड सोडला की परत येणाऱ्या उजेडावरून पेटीतलं यंत्र वीत-वीत अंतरावरची उष्णता सांगायचं. शेजारी तशीच दुसरी वायर, विजेनं जराशी तापवलेली. वारा वाहील तिथं ती निवायची, हवा उभी असेल तिथं तापलेली राहायची. शालिग्रामचं काम एवढंच, की रोज वायरीच्या कडेनं चालायचं, अडकलेली पानं, जाळी काढायची आणि साळिंदरानं कुठं कुरतडलंय का ते बघायचं. हे काम त्याला बरं पडलं. त्यात कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

यंत्रावर अर्पिता बसायची. चिखलीकडची पोरगी, बाहेर शिकून आलेली. एक दिवस दहाच्या सुमारास ती खुशीत म्हणाली, "काका, हे बघा तरी." पडद्यावर तापवलेल्या वायरीचे तीन पट्टे होते. वरचा निळा, मधला तांबूस, खालचा लालभडक.

"वर वारा आहे. खाली हवा जागची हलत नाहीये," ती म्हणाली. "ऊन पानांवर पडतं, वरची हवा तापते. खाली सावलीतली हवा थंड, म्हणून जड. ती वर येतच नाही. पानांचं झाकणच बसतं म्हणा ना."

शालिग्रामनं खालच्या लाल पट्ट्याशी बोट नेलं. मग त्यानं विचारलं, "माणसाच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत बी असंच होत असन का?"

"दाट असेल तर होईल की."

"अन् बाहेर बी वारा पडला असन तर?"

"मग तर विचारूच नका. आत फवारलं, तर औषध तिथंच कोंडून राहील आणि माणूस त्याच्यातच उभा. पूर्वीची कपाशी कमरेएवढी असायची ना? तेव्हा चालून जायचं." ती कागदावर काहीतरी लिहू लागली. "का हो काका?"

"काई नाई. असंच."

चिमूट खोटी बोलली नव्हती. ती धुऱ्यावरचं सांगत होती आणि पोरगा आत होता. शालिग्रामला हे लख्ख कळलं, आणि कळूनही छातीत काही झालं नाही. त्यानं उरलेली वायर शेवटपर्यंत चालून पाहिली, दोन ठिकाणची पानं काढली आणि दिवस मावळायच्या आत घर गाठलं.

अंबूबाई चुलीपुढं होती. तो समोर बसला आणि दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट सांगावी तसं त्यानं सगळं सांगितलं. झाकण, कोंडलेली हवा, सगळं. शेवटी म्हणाला, "माह्याच शब्दानं गेला थो."

तिनं तव्यावरची भाकर उलटली.

"थो उठतच नव्हता त्या दिवशी," ती म्हणाली. "डोकं दुखते माय, उद्या मारतो म्हने. म्या हाताले धरून उठवलं. म्हटलं, तुह्या बापानं वारा पाह्यला हाये, त्याचा शब्द खाली पडू देऊ नको."

एवढ्या दिवसांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. शालिग्रामनंही कधी विचारलं नव्हतं, की पोरगं त्या सकाळी घरातून निघालं कसं.

तव्यावर भाकर करपत होती. ती काढायला दोघांपैकी कुणाचाच हात पुढं झाला नाही.