दहा हजाराचं तेल

उदगीरला देगलूर रोडवर मडिवाळप्पा मिस्त्रींचं गॅरेज आहे. चाळीस वर्षं त्यांनी जीपच्या एकाच अवयवाची सेवा केली. मागच्या आसाच्या मधोमध लोखंडी गड्डा असतो ना, डिफरन्शियल, त्याची. इंजिन, ब्रेक, गिअर ही त्यांच्या लेखी किरकोळ कामं. ती शेजारच्या गॅरेजांनी करावीत.

डिफरन्शियल म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ते खळ्यावर जात. "मळणीला बैलांची पात धरली की मधल्या खांबाजवळचा, तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी फिरतो अन् कडेचा पळतो. दोघांला एका चालीनं हाकलं तर पात तुटंल. गाडी वळताना आतलं चाक दमानं, भायेरचं जोरात. दोघांची मारामारी होऊ न देणारा डबा, तो हा."

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला, तेव्हा नव्या कचेरीची एक जुनी जीप त्यांच्याकडं रडत आली. मिस्त्रींनी गड्ड्यावर नुसता तळवा ठेवला आणि म्हणाले, "तिसरा दात तुटलाय." उघडलं तर खरंच एक दात तुटलेला. तिसरा कुठून मोजायचा हे कुणी विचारलं नाही, मिस्त्रींनीही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांचं नाव झालं.

आता दोन हजार सोळा साल. मिस्त्रींचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं धुकटलेले. फाल्गुनात त्यांनी एका जीपच्या गड्ड्यात बोल्ट तसाच सोडून झाकण लावलं. ती जीप मार्केट यार्डापर्यंत बोंबलत गेली आणि निम्म्या गावानं ऐकली. त्याच संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, रत्नम्मानं, गॅरेजची किल्ली पदराला बांधली.

"डोळे दाखवा, मग किल्ली."

"माझे डोळे हातात हायत."

"मग बोल्ट दिसला न्हाई का हाताला?"

यावर मिस्त्रींनी तीन दिवस भाकरी न बोलता खाल्ली. बायकोला त्याचा काही त्रास झाला असं दिसलं नाही.

त्या साली दुष्काळ असा, की आडत बाजारात ना तूर आली ना करडई. आडते गाद्यांवर बसून एकमेकांची तोंडं बघत. त्यात करडईचे मोठे आडते ईश्वरप्पा यांच्या भाच्यानं हैदराबादेहून एक रिमोटची गाडी पाठवली. हातभर लांब, पण ताशी पन्नासनं पळणारी. महिनाभरात आठ आडत्यांनी तशाच गाड्या मागवल्या. गावाबाहेरचं तळं आटलेलं, तळ टणक. त्यावर फक्कीनं रेघा मारल्या आणि पन्नाशीचे, धोतराचा सोगा खोचलेले, पोट सुटलेले गृहस्थ उन्हातान्हात रिमोट घेऊन ओरडायला लागले. घरच्या बायकांनी सुरुवातीला हसून घेतलं, नंतर छत्र्या घेऊन बघायला आल्या.

बातमी लातूरला गेली. तिथले आडते भीमाशंकर आपली गाडी घेऊन शर्यतीला येतो म्हणाले. उदगीरकरांनी लगेच फलक छापला: 'उदगीर जिल्हा चषक'. वेगळ्या उदगीर जिल्ह्याची मागणी अजून मंजूर व्हायची होती, पण फलकवाल्याला कळवायचं राहून गेलं.

शर्यतीच्या आदल्या रविवारी सराव झाला. ईश्वरप्पांची गाडी सरळ रस्त्याला बाणासारखी आणि वळणाला आली की गिरकी घेऊन उलट्या तोंडानं उभी. भीमाशंकर पान चघळत म्हणाले, "शेठ, तुमचा जिल्हा वळणावरच अडकून राहिला की!"

ईश्वरप्पा गाडी काखेत मारून थेट मिस्त्रींच्या ओसरीवर आले. "मिस्त्री, गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

मिस्त्री उठून बसले. पण रत्नम्मा दारात. "गॅरेज बंद हाय."

"अम्मा, ही खेळण्यातली गाडी. ओसरीवर करतील."

रत्नम्मानं नवऱ्याकडं पाहिलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर रक्त दिसत होतं. "बरं. करा. पण माझ्यासमोर. येत्या रविवारी ही वळली तर किल्ली तुमची. न्हाई वळली तर मुकाट दवाखान्यात, अन् गॅरेज भाड्यानं."

"कबूल," मिस्त्री म्हणाले. जणू किल्ली हातात पडलीच.

त्यांनी गाडी उताणी केली. मागचं एक चाक चिमटीत धरून फिरवलं आणि दुसऱ्याला बोट लावलं. डोळे मिटलेले.

"दुसरं चाक उलटं फिरतंय, बराबर. खडखड न्हाई, दात शाबूत. पण लई मोकळं फिरतंय, भोवऱ्यासारखं. असल्या गड्ड्यात दाट तेल पाहिजे, पाकात उलथनं फिरवल्यावानी जड लागलं पाहिजे. हे पातळ हाय. वळताना आतलं चाक उचललं की सगळा जोर त्यातच हवेत जातो. चाक टेकलं की गिरकी. आत काय भरलंय?"

"तेल."

"कुठलं?"

"चांगलं."

मिस्त्रींनी चार इस्क्रू काढले, झाकण नाकाशी नेलं आणि हसायला लागले. रत्नम्माला दारातच वास आला. "अगं बया! गाडीला फोडणी घातली का काय?"

करडईचं तेल! शेठजींच्या स्वतःच्या घाण्याचं.

"शुद्ध हाय," ईश्वरप्पा पडेल आवाजात म्हणाले.

"गाडीबरोबर तेल आलं नव्हतं?"

"आलंय की, दोन बाटल्या. तिजोरीत हायत. एकीवर तीन हजार लिवलंय, दुसरीवर दहा हजार. अंगठ्याएवढ्या बाटलीतलं दहा हजाराचं तेल खेळण्यात ओतू का? आणखी तीन वर्षं दुष्काळ पडला तर?"

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "शेठ, जीपच्या तेलाच्या डब्यावर नव्वद लिवलेलं असतं. म्हणून काय तो नव्वद रुपयाला मिळतो? तो दाटपणाचा नंबर हाय!"

रत्नम्मानं पदर तोंडाला लावला. बाटल्या तिजोरीतून रेशमी फडक्यात गुंडाळून आल्या. ईश्वरप्पांचा आग्रह दहा हजारवालीचा. मिस्त्रींनी एकेक थेंब चिमटीत घेऊन बोटं उघडझाप केली. "ही गोळीबंद. दोन्ही चाकं जखडून बसतील, गाडी वळणारच न्हाई. ही तीन हजारवाली दोनतारी. रत्ना, बघ गं."

रत्नम्मानं चिमटीत थेंब घेतला. लाडवाचा पाक तिनं आयुष्यात एकदाही चुकवला नव्हता. "दोनतारीच," तिनं सांगितलं.

"म्हणजे स्वस्तातलं," ईश्वरप्पा हळहळले.

मिस्त्रींनी परातीत पांढरं धोतर अंथरलं. गड्ड्याचे सुटे भाग राकेलात धुतले. दोन मोठी दातेरी चाकं, चार तांदळाएवढी, दोन काड्या, रबरी कड्या. सगळं डोळे मिटून, बोटांनी. दातेरी चाकं जेमतेम बुडतील इतकंच तेल घातलं, बुडबुडे वर येईपर्यंत थांबले, मग झाकण लावलं. रत्नम्मा परातीवर वाकली आणि जिंकल्यासारखी ओरडली, "हे काय राहिलं? छर्रा राहिला बघा! काळा, गोल!"

ईश्वरप्पांचा चेहरा उतरला. मिस्त्रींनी तो छर्रा चाचपला, दाताखाली धरला आणि कडकन फोडला.

"मोहरी हाय. परात कुणाची?"

रविवारी तळ्याच्या तळात सगळं उदगीर. भीमाशंकर फलकाकडं बघून म्हणाले, "जिल्हा कधी झाला हो?"

"तुमच्या जिल्ह्याला पाणी रेल्वेनं येतंय," ईश्वरप्पा म्हणाले, "आमचा जिल्हा पायी येईल."

दहा फेऱ्या. सरळ रस्त्याला लातूरची गाडी पुढं, वळण आलं की उदगीरची तिच्या आतून निघायची, मागचं टोक जरासुद्धा न हलवता. मिस्त्रींना गाडी दिसत नव्हती. ते मान कलती करून आवाज ऐकत होते आणि प्रत्येक वळणाला मांडीवर थाप मारत होते. नवव्या फेरीच्या वळणाला त्यांनी थाप मारली आणि उठून चालायला लागले.

"अहो, शर्यत संपायची हाय!" रत्नम्मा.

"संपली की. ऐकू न्हाई आलं?"

पाठीमागून उदगीरकरांचा ओरडा उठला तेव्हा ते काठावर पोचले होते. रत्नम्मा धापा टाकत आली आणि पदराची गाठ सोडून किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

"घ्या. अन् डोळ्यांची तारीख बुधवारची घेऊन ठेवलीय."

"किल्ली मिळाली तर दवाखाना न्हाई, असं ठरलं होतं."

"असं तुमी ठरवलं असंल. मी फकस्त किल्लीचं बोलले."

मिस्त्रींनी किल्ली कनवटीला लावली. तेवढ्यात मागून भीमाशंकर आपली गाडी काखेत मारून धावत येताना ऐकू आले.

"मिस्त्री, आमची बी जरा बघा की! सरळ चांगली जाते, पण वळणाला..."

"गुरुवारी या," मिस्त्री म्हणाले. "बुधवारी मला दवाखाना हाय."