ताणाच्या दिवसांतली उडी

माझा बाबा, शालिकराम, भित्रा होता. लोक बापाबद्दल सांगताना शूर होता, कष्टाळू होता असं सांगतात. सांगोत बापडे. कष्ट तर आमच्याकडे बैलही करतो. बाबा साप निघाला तर शेपटी धरून फेकून द्यायचा, विजांना भ्यायचा नाही. पण विहिरीच्या काठावर कोणी वाकून उभं दिसलं की याचे ओठ पांढरे पडायचे.

त्याला कारण होतं. तरुणपणी तो विहिरी खोदणाऱ्या टोळीत होता. लोधीखेड्याकडच्या एका विहिरीत त्याच्या जोडीदारानं, नत्थूजीनं, गंमत म्हणून सूर मारला. पाण्याखाली खडक पुढं आलेला होता. बाबानंच त्याला खांद्यावर घालून वर आणलं. मान कशी लटकत होती ते त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही. पण जेवता जेवता त्याचा हात थांबला की आई हळूच म्हणायची, "नत्थूजी आठवला."

आणि नशीब पाहा, अशा माणसाला जन्मभराचं काम मिळालं ते विहिरीवरचंच. रामाकोन्याजवळ यशवंतरावांची संत्र्याची बाग होती, तिथं तो मोटर सांभाळायचा, झाडांना पाणी द्यायचा. आई गेल्यावर तर तो बागेतच राहायला लागला. मी, त्याची थोरली लेक कमल, सौसरला बालवाडी चालवायची आणि दुपारून त्याचा डबा घेऊन जायची.

धाकटा प्रकाश फौजेत होता, गुलमर्गला. सत्याऐंशीच्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला तो खांद्यावर दोन लांब फळ्या घेऊन. सौसरच्या बस स्टँडवर एकानं विचारलं, "काय बे, फौजेनं नांगर देला का तुले?" त्या फळ्या म्हणजे स्की. पायाला बांधून बर्फावरून घसरायच्या. टाकून दिलेला जुना जोड यानं मागून आणला होता.

त्या संध्याकाळी बागेतल्या झोपडीपुढं जेवता जेवता त्यानं आम्हाला सगळं समजावलं.

"ताई, आधी याले कोनी खेळच मानत नोव्हतं. तिकडचे येडे पोट्टे स्कीवर उड्या मारत, हवेत कोलांट्या घेत. नियम नाई, काई नाई. लोक पाहाले जमत. मंग कोनाची मान मोडली, कोनाची पाठ. काई ठिकानी तं कोलांटीवर बंदीच आली."

"बरं झालं," बाबा म्हणाला.

"आयक तं पुढं! मंग स्कीची जगातली मोठी संघटना हाय, तिनं याले खेळ मानलं. आता पंच असते. उडी कशी घेतली, हवेत आंग कसं ठेवलं, उतरला कसा, सगळ्याचे मार्क. मागच्या साली फ्रान्समंधी जगाची स्पर्धा झाली. एक प्रकार उंचवट्यांवरून खाली घसराचा, एक उड्यांचा, अन् एक गान्यावर नाचाचा."

"बर्फावर नाचून राहिले? काय बाई एकेक!" मला हसू आवरेना.

"हास तू. येत्या फेब्रुवारीत कॅनडात ऑलिम्पिक हाय, तिथं हे दाखवनार हायेत. मेडल नाई अजून, पन दाखवनार. अन् जानेवारीत आमच्यात चाचनी हाय. उलटी कोलांटी साधली तं मले बाहेर शिकाले पाठवतीन, असं साहेब म्हनून राहिले." मग तो बाबाकडं वळला. "तू भिऊ नको. बर्फावर उलटं व्हाच्या आंधी पान्यात साधून दाखवा लागते, तिकडचा कायदाच हाय. पान्यात पडलं तं मानूस वाचते."

"म्हंजे विहीर," बाबा म्हणाला.

बस, तेवढंच. उठला आणि हात धुवायला गेला. ताटात भाकर तशीच होती.

यशवंतरावांची विहीर मोठी होती, आमच्या घराएवढी रुंद, आणि तिच्या एका अंगाला टेकाड. प्रकाशनं संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या जोडून टेकाडावरून काठापर्यंत घसरण बांधली, टोक जरासं वर उचललेलं. त्यावर तेलाच्या डब्यांचे पत्रे ठोकले आणि साबणाचं पाणी ओतलं. यशवंतरावांना मजा वाटत होती. ते म्हणाले, "शालिकराम, पोरगा नाव काढते तुझं!" बाबानं मालकापुढं मान हलवली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच आहे. मृगाच्या बहरासाठी आमच्याकडे उन्हाळ्यात संत्र्याचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. झाडं तहानेनं कोमेजतात, पानं गळतात, आणि पुढं पाण्यानं एकदम फुलतात. ताणाच्या दिवसांत मोटर बंद, म्हणून भर उन्हाळ्यातही बागेची विहीर तुडुंब. मधेच पाणी दिलं तर बहर गेला. असं आमच्या भागात शेंबडं पोरही करत नाही.

प्रकाश रोज उड्या मारू लागला. सरळ उडी, मग अंग वळवून, मग समोरची कोलांटी. बाबा पाहायचा नाही. विहिरीकडं पाठ करून कडुलिंबाखाली बसायचा. धप्पकन आवाज झाला की त्याचे खांदे वर चढायचे.

"कमल, निंघाला का?"

"निघाला, बाबा."

मग खांदे खाली यायचे. मला सुरुवातीला हसू यायचं. पुढं पुढं तो वर येईपर्यंत मीही आकडे मोजायला लागले. भीती गोवरासारखी असते, एकाला झाली की घरभर होते.

एके दिवशी प्रकाशनं उलटी कोलांटी घेतली आणि अर्ध्यातच पाठीवर आपटला. पाणी असं वाजलं की लिंबावरचे कावळे उडाले. "निंघाला का?" बाबानं विचारलं. मी पाण्याकडंच पाहत होते. "कमल, निंघाला का वं?" प्रकाश वर आला तो नाकातून रक्त गळत, डोळे भलतीकडेच. काठावर पडून हसत म्हणाला, "आलं होतं, ताई! थोडकं चुकलं!" मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मलाच रडू फुटलं. बाबानं त्याचं नाक धुतलं. रक्त थांबलं तरी तो धुतच राहिला.

दुसऱ्या दिवशी प्रकाश परतीचं रिझर्वेशन करायला नागपूरला गेला, मित्राकडे मुक्काम करून येणार होता. तो परत यायचा त्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन निघाले, तर बाबा मला गावाच्या वाटेवरच भेटला. पायात चप्पल नव्हती.

"म्या विहीर उपसली, बाई."

"काय म्हणतो?"

"काल सकाळपासून मोटर चालू होती, पानी सगळं झाडांत सोडलं. खडक दिसून राहिला खाली. आता मारंल कशी उडी? येऊ दे त्याले, देऊ दे शिव्या."

मी कपाळावर हात मारला. मालकाचा बहर गेला, बाबाचं काम गेलं! "अरे बाबा, बोलायचं होतं ना त्याच्याशी! फळ्या तोडून टाकायच्या होत्या!"

"पुन्हा बांधल्या असत्या त्यानं," बाबा म्हणाला. "पानी कुठून आनंल?"

आणि तेवढ्यात मी टेकाडाकडं पाहिलं. वर प्रकाश उभा होता. नागपूरच्या बसमधून उतरून तो टेकाडाच्या मागच्या वाटेनं थेट आला होता, झाडांच्या बुंध्यांभोवतीची ओली आळी त्याला दिसलीच नव्हती. वरून विहिरीचं पाणी दिसत नसे, फळ्यांचं टोक आडवं यायचं. आणि ताण चालू असताना विहिरीत डोकावून पाहील कोण? वाकून तो स्कीचे पट्टे आवळत होता.

"प्रकाश! अरे थांब!" मी ओरडले. एवढ्या लांबून त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं आम्हाला पाहिलं, हात हलवला. त्याला वाटलं आम्ही पाहायला आलो. खरं सांगते, मी डोळे मिटून घेतले.

बाबा धावला. ज्या माणसानं त्या विहिरीकडं कधी तोंड करून पाहिलं नाही, तो अनवाणी धावत काठावर गेला आणि फळ्यांवर चढून हात पसरून उभा राहिला. पाठीमागं कोरडी विहीर, पुढून पोरगा घसरत येणारा.

हे सगळं मला प्रकाशनं नंतर सांगितलं. त्यानं अंग एका बाजूला टाकलं आणि फळ्यांवरून खाली दगडांत गेला. मी डोळे उघडले तेव्हा तो गुडघा धरून लोळत होता, ओरडत होता, "येडा झाला का बाबा? वाटोळं केलं माझं! वाटोळं केलं!" बाबा काही न बोलता त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढत काठापाशी घेऊन गेला. प्रकाशनं खाली पाहिलं. ओरडणं थांबलं.

"कोनं उपसली?" त्यानं विचारलं.

"म्या," बाबा म्हणाला.

गुडघा पुन्हा पहिल्यासारखा वाकला नाही. जानेवारीची चाचणी त्याच्याशिवाय झाली, फौजेत त्याला बसून करायचं काम मिळालं. बागेत नको तेव्हा फुलं आली आणि गळून गेली. यशवंतराव शिव्या देऊन मोकळे झाले, पण बाबाला मोटरीला पुन्हा हात लावू दिला नाही. तो माझ्याकडं सौसरला आला. प्रकाशनं पत्रं लिहिली ती मला. बाबाचं नावसुद्धा नाही. बाबा रोज विचारायचा, "मले काई लिवलं का?" मी म्हणायची, "नमस्कार लिहिलाय." लिहिलेला नसायचा.

फेब्रुवारीत प्रकाश सुट्टीवर आला, लंगडत. घरात दोन पुरुष आणि दोघांत एक शब्द नाही; मला तर वेड लागायची पाळी आली होती. एका संध्याकाळी शेजारच्या नलिनीबाई मास्तरणींनी हाक मारली, "प्रकाश, ये रे, टीव्हीवर तुझं ते बर्फाचं दाखवून राहिले!" बाबाही मागून आला आणि सतरंजीवर प्रकाशच्या शेजारी बसला.

बातम्यांतला एवढासा तुकडा होता. पांढरं मैदान, मुंगीएवढा माणूस, घसरत आला आणि उडाला. बाबानं डोळे घट्ट मिटले. चाचपडत त्याचा हात प्रकाशच्या दुखऱ्या गुडघ्यावर गेला आणि तिथंच राहिला. आता हा हात झटकून टाकतो की काय!

"निंघाला का?" बाबानं विचारलं.

पडद्यावरचा माणूस पाठीवर आपटला होता, हलत नव्हता, आणि चारीकडून लोक त्याच्याकडे धावत होते. प्रकाशनं बातमी बदलेपर्यंत ते पाहिलं. त्यानं बाबाच्या हातावर आपला हात ठेवला.

"निंघाला, बाबा," तो म्हणाला. "उघड डोळे."