पातेल्यातले देव

मी देवाची भक्त आहे की देवाला वेठीला धरणारी बाई आहे, हा प्रश्न मला गेल्या वर्षीपर्यंत कधी पडला नव्हता. मस्कतला येऊन आम्हाला पंचवीसेक वर्षं झाली. अल् घुब्रातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून माझं छोटं देवघर आहे. रोजची पूजा, गुरुवारचा उपास, संकष्टी, यातलं काही मी चुकवलं नाही. त्यामुळे देव आपलं ऐकतो, नव्हे, त्याने ऐकलंच पाहिजे, अशी एक घमेंड मनात होती. तेव्हा मी तिला श्रद्धा म्हणत होते.

माझी मुलगी रेवा इथल्याच शाळेत शिकली, पुण्याला आर्किटेक्ट झाली आणि परत येऊन इथे नोकरीला लागली. एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते, ती समोर येऊन बसली आणि म्हणाली की तिला दक्षिण अमेरिकेत जायचंय. पाठीवर सॅक टाकून चिली देश फिरायचा, बसने, स्वस्तातल्या हॉस्टेलांत राहून, एकटीने. आणि शेवटी विमानाने ईस्टर आयलंडला, जिथे चारी बाजूंना हजारो मैल नुसता पॅसिफिक आहे. तिथले दगडी पुतळे तिला कॉलेजपासून बघायचे होते. मी म्हटलं, दगडच बघायचे तर हंपीला जा, येताना मावशीकडेही जाऊन होईल. ती हसली. मी हसले नव्हते.

पुढे महिनाभर घरात तोच विषय. मी रुसले, रडले, तिच्या लग्नाचं वय काढलं, स्वतःचं ब्लडप्रेशर काढलं. माझा नवरा एसीच्या कंपनीत इंजिनिअर, ओमानी लोकांत राहून राहून पुरता ओमानी झालेला. तो म्हणायचा, "जाऊ दे गं, इन्शाल्ला सगळं नीट होईल." रेवा मात्र शांत होती. तिने व्हिसासाठी खेटे घातले, बूट आणले, सॅकमध्ये सामान भरून गॅलरीत चालायची सवय केली. तिच्या पायातल्या त्या बुटांचा आवाज मला सहन होत नसे.

माणसं ऐकेनात तेव्हा मी देवांकडे वळले. सासूबाईंनी दिरांच्या ऑपरेशनच्या वेळी देव पाण्यात घातले होते, ते मी पाहिलेलं होतं. मागणं पुरं झाल्याशिवाय त्यांना बाहेर काढायचं नसतं. तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी मी मोठं स्टीलचं पातेलं घासलं, पाण्याने भरलं आणि गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदेवीचा चांदीचा टाक असे एकेक करून त्यात सोडले. वर झाकण ठेवलं. लोक देव पाण्यात घालतात ते कुणी बरं व्हावं म्हणून, कुणी वाचावं म्हणून. मी घातले ते लेकीचा बेत फिसकटावा म्हणून. तिला जाता येऊ नये, आणि गेलीच तर मध्येच सोडून परत यावी, हेच माझं मागणं होतं. असं मागणारी बाई स्वतःला आई म्हणवते, याची लाजही तेव्हा वाटली नाही. पहाटे ती निघाली तेव्हा डोकं दुखतंय म्हणून मी विमानतळावर गेले नाही. अंथरुणात पडून लिफ्टचा दरवाजा बंद झाल्याचं ऐकलं.

ती पोहोचली, फिरू लागली. फोटो यायचे. वाळवंटाचा फोटो आला तर मी उत्तर पाठवलं, असं तर आपल्या दाराशी आहे. बर्फाच्या डोंगराचा आला तर लिहिलं, टोपी घाल. एकदाही छान म्हटलं नाही. इकडे पातेल्यातलं पाणी मी रोज बदलत होते, आणि देवघर रिकामंच होतं. संध्याकाळी दिवा लावायला जायचे आणि मोकळ्या पाटापुढे लावून यायचे. मनातून अस्वस्थ होते, पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही.

रमजान संपत आला होता तेव्हा ती बेटावर पोहोचली. समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या पुतळ्यांचा एक फोटो आला. मग दुसऱ्या दिवशी एवढाच मेसेज, की ताप आहे, पोट बिघडलंय, तंबूत पडून आहे, काळजी करू नका. त्यानंतर काहीच नाही. फोन लागेना, मेसेज पोहोचेनात. नवऱ्याने तिच्या मैत्रिणींना विचारलं, चिलीतल्या आपल्या वकिलातीला कळवलं. त्याच्या तोंडचं इन्शाल्ला पहिल्यांदाच बारीक आवाजात आलं.

मी पातेल्यापुढे जाऊन उभी राहिले. मी जे मागितलं होतं तेच होत होतं. तिने मध्येच सोडून परत यावं, असं मी म्हटलं होतं. कशी यावी, ते कुठे सांगितलं होतं? आता देव बाहेर काढले तर मागणं अर्धवट, आणि ठेवले तर माझंच मागणं माझ्या पोरीच्या जिवावर. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. पोळ्या करपल्या, आरतीचे दोन शब्द आठवेनात. रागावू कुणावर? पाण्यात तर मीच घातले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या जुबेदाभाभी आल्या. त्या रत्नागिरीकडच्या. नवरा इथल्याच सूर बंदरातून मासेमारीच्या लाँचवर जातो, आठवडा आठवडा येत नाही. दर ईदला शीरखुर्म्याचं दूध आटवायला त्या माझं मोठं पातेलं नेतात, तसंच मागायला आल्या होत्या. मी दाराशीच म्हटलं, या वेळी देता येणार नाही. का, म्हणून विचारलं तर मला रडूच फुटलं. मग त्यांना आत घेतलं, झाकण काढून दाखवलं आणि सगळं सांगून टाकलं. काय मागितलं होतं, तेही.

मला वाटलं, भाभी समजूत घालतील. तसं काही केलं नाही.

"वैनी, आमचे हे दर्यावर जातात ना," त्या म्हणाल्या, "तवा परत आण असं पण मी नाय मागत. त्या वरच्याला कसं सांगायचं, असं कर नि तसं कर? मी मागते, जिथं जातील तिथं भली माणसं भेटू देत. बस, खलास."

आणि पातेलं नको, माझं मी बघते, म्हणून त्या खाली गेल्या.

मी देव बाहेर काढले. नियम मोडला. एकेकाला पदराने पुसलं. टाक काळा पडला होता, तो चिंचेने घासला. पाटावर सगळ्यांना बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काय मागावं ते सुचेना. शेवटी भाभींचंच उसनं घेतलं. म्हटलं, तिला चांगली माणसं भेटू देत.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. तिकडे सकाळ होती. "आई, आय ॲम फाइन, खरंच," रेवा म्हणाली. बेटावर प्रवाशांचे तंबू असतात त्या जागी रोज सकाळी घरचे खाण्याचे पदार्थ विकायला एक बाई यायच्या. ही बाहेर दिसली नाही म्हणून त्यांनी तंबूत डोकावलं, गाडीत घालून दवाखान्यात नेलं, सलाइन लावून घेतलं आणि मग स्वतःच्या घरी आणून ठेवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. फोन तापाच्या गोंधळात तंबूतच राहिला होता.

मी विचारलं, त्या बाई तुला घरी कधी घेऊन गेल्या? ती म्हणाली, परवा.

परवा म्हणजे देव पाण्यातच होते. परवा माझं मागणं अजून तेच, उलटं होतं. मी प्रार्थना बदलेपर्यंत देव थांबला नव्हता. माझं त्याने ऐकलं नाही, याच्याएवढे उपकार त्याने माझ्यावर कधी केले नसतील. याला कुणी योगायोग म्हणेल, म्हणो. मला वाद घालायचा नाही.

रेवा अर्ध्यातून परतली नाही. बरी होऊन, पुतळे बघून, ठरल्या दिवशीच आली. मी तिला सगळं सांगायचं ठरवलं आणि भीत भीत सुरुवात केली, तर म्हणाली, "मला माहीत होतं, आई." निघायच्या पहाटे ती देवांच्या पाया पडायला गेली होती. देवघर रिकामं बघून आधी घाबरली, मग ओट्याखाली पातेलं सापडलं. झाकण काढून तिने तिथेच बसून नमस्कार केला होता. मला उठवलं नव्हतं. मला वाटत होतं की मी तिला निरोप दिला नाही. खरं म्हणजे माझा निरोप तिला मिळाला होता, आणि तो असा होता.

ती रागावली नाही, त्याचंच जास्त लागलं. वागण्यात काही फरक नाही. चहा करून देते, चेष्टा करते. आता ती पुन्हा निघाली आहे, पेरू देशात. हे तिने मला सांगितलं ते तिकीट काढून झाल्यावर. पूर्वी मनात आलेलं सगळं ती पहिल्यांदा माझ्याकडे घेऊन यायची. या वेळी मी विमानतळावर जाणार आहे. रोज सकाळी देवांपुढे हात जोडते आणि तिला भली माणसं भेटू देत, एवढंच म्हणते. तिने पुन्हा आधी मला सांगावं, हेही ओठांवर येतं. ते तेवढं मागत नाही.