वातींच्या वर्गाची बातमी

वृत्तपत्रविद्या शिकायला पुण्याला जायचं ठरवलं, तेव्हा ही विद्या काय असते हे अण्णाला समजावताना माझ्या नाकी नऊ आले. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. परंड्यात आमचं किराणा दुकान होतं आणि ते तोच सांभाळायचा. तो म्हणाला, "बातम्या कळायला पुण्याला कशाला जावं लागतंय? हितं गादीवर बस. दुपारपत्तुर साऱ्या तालुक्याच्या बातम्या गूळ न्यायला येत्यात."

वहिनी दाराआडून म्हणाली, "जाऊ द्या की त्यांना. शिकलेलं वाया जात न्हाय." अण्णा तयार झाला. वहिनीचं तो नेहमीच ऐकायचा. ती सोलापूरची, मराठी सातवीची फायनल परीक्षा झालेली. आमच्या घरात अण्णाच्या वहीखेरीज वाचण्यासारखं काही आलं, ते तिच्या ट्रंकेतूनच.

चाळीसच्या पुढची ती वर्षं. लढाई चालू होती, आणि कुर्डुवाडीहून येणारी मोटार कोळशाच्या गॅसवर धापा टाकत यायची. कुर्डुवाडी इंग्रजांची आणि परंडं निजामाचं, त्यामुळं नाक्यावर पोतडी उघडून दाखवावी लागायची. ह्या नाक्याची मला इतकी सवय झाली होती, की आपल्याकडं काय दाखवायचं आणि काय नाही याचं एक वेगळं शास्त्र असतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुण्यातला आमचा वर्ग संध्याकाळी भरायचा. कॉलेजच्या जोडीनं तो करता येई. शिकवणारे मास्तर दैनिकात पुष्कळ वर्षं घासून आलेले. अंगानं काटकुळे आणि जिभेनं तिखट. कुणी "बरीच मंडळी जमली होती" असं लिहिलं की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "बरीच म्हणजे किती? मोजलीत?" "काही ठिकाणी" असं लिहिलं की, "त्या ठिकाणांना गावं नाहीत का?" त्यांच्या हातून कागद लाल रेघांशिवाय परत आला, असं पहिल्या चार महिन्यांत एकदाही झालं नाही. मला ते देव वाटायचे. त्यांनी एकदा तरी "ठीक" म्हणावं यासाठी मी काय वाटेल ते करायला तयार होतो, आणि केलंही तसंच.

दिवाळीच्या सुटीत जाताना त्यांनी काम दिलं, की आपापल्या गावाकडची एक खरी बातमी लिहून आणा, जी अजून कुठंच छापून आलेली नाही. माझी बातमी माझ्याच घरात होती.

दुकानाच्या मागच्या खोलीत वहिनी दुपारी मुली शिकवायची. गावात सरकारी शाळा होती ती मुलांची, आणि शिकवणं उर्दूतलं. मुलींसाठी काही नव्हतं. सरकारच्या मंजुरीवाचून खासगी शाळा काढायची नाही असा कायदा होता, आणि मंजुरी मागायला गेलेला कागद कधी परत यायचा नाही. म्हणून वहिनीनं शाळा काढलीच नव्हती. तिच्याकडं पोरी वाती वळायला यायच्या. खोलीच्या मधोमध खरोखरच कापसाचा ढीग असायचा. कुणी परकं माणूस आलं की पाट्या कापसाखाली जायच्या आणि चौदा पोरी मांडीवर वाती वळायला लागायच्या. गावातल्या म्हाताऱ्यांनाही बरं वाटायचं, की वाण्याची सून पोरींना वळण लावते. पोलिसांच्या अमीनसाहेबांची, म्हणजे गावच्या मुसलमान फौजदाराची, मुलगीसुद्धा यायची. अमिनाची लेक कुठल्या देवासाठी वाती वळते, असं आख्ख्या गावात कुणी विचारलं नाही. विचारायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, पण पुण्याला जाऊन मी शहाणा झालो होतो.

त्या सुटीत मी खोलीच्या कोपऱ्यात बसून सगळं टिपून घेतलं. वहिनीनं विचारलं, "काय लिवताय, भावजी?" मी म्हटलं, "अभ्यास आहे." ती हसली आणि म्हणाली, "करा, करा." मी अभ्यास मन लावून केला. गावाचं नाव, किराणा दुकानामागची खोली, दुपारी एक ते तीन ही वेळ, चौदा मुली, कापसाखालच्या पाट्या, सगळं लिहिलं. फक्त माणसांची नावं गाळली, आणि तेवढ्यावर स्वतःला फार जबाबदार समजलो.

मास्तरांनी ती बातमी वर्गात मोठ्यानं वाचली. एकही लाल रेघ नव्हती. "ही बातमी," ते म्हणाले, "अशी लिहायची असते." मग त्यांनी विचारलं, "ओळखीच्या एका साप्ताहिकाकडं देऊ का?" मी होय म्हटलं. एका क्षणाचाही विचार केला नाही. ती छापून आली त्या दिवशी मी दोन अंक घेतले आणि खोलीवर जाऊन ती इतक्या वेळा वाचली की पाठ झाली.

संक्रांतीला घरी निघालो ते दोन्ही अंक चादरीच्या घडीत लपवून. नाक्यावरच्या शिपायाला ते सापडले नाहीत म्हणून मी खूश होतो. दुपारी दोनच्या सुमाराला पोचलो. मागच्या खोलीत आवाज नव्हता. आत वहिनी एकटी बसली होती आणि वाती वळत होती. खरोखरच्या वाती. शेजारी त्यांचा केवढा तरी ढीग पडला होता.

"पोरी कुठं गेल्या?" मी विचारलं.

"तुमीच लिवलंय न्हवं, कुठं असत्यात त्ये," ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं.

अण्णा मात्र रागावला होता. जिल्ह्याच्या कचेरीत मराठी वर्तमानपत्रं वाचून त्यांचा उर्दू तर्जुमा करायला माणूस होता. त्यानं माझी बातमी शब्दनशब्द उतरवली होती, आणि वरून अमीनसाहेबांना कागद आला होता, की ह्या शाळेची चौकशी करून महिन्याच्या आत जबाब द्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची," अण्णा म्हणाला. "आन् तू ती पेठेत उघडलीस. पत्ता देऊन!"

दुसऱ्या दिवशी अमीनसाहेब स्वतः दुकानात आले. पोत्यावर बसले, पान नको म्हणाले. वहिनी नेहमीप्रमाणं दाराआड उभी होती. ते तिच्या दिशेनं न बघता बोलले. "बहेनजी, आज तक नै देखा बोलके चलाया मैं. अब छप के आया. छपेला कैसा नै देखा बोलूं?"

त्या माणसाचं मला फार वाईट वाटलं. त्यांची लेक "क"पासून सुरू करून नुकती जोडाक्षरांपर्यंत आली होती. शाळा आहे असा जबाब दिला तर खोलीला कुलूप घालावं लागणार, वहिनी-अण्णांवर खटला होणार. नाही म्हणून दिला, तर पुराव्याला छापील कागद विरोधात. त्यांनी एकच वाट काढली होती. ज्यानं लिहिलं त्यानंच, त्याच साप्ताहिकात, बातमी खोटी होती असं छापून आणावं. मग तेही तेच लिहितील आणि कागद बंद होईल.

"पण ती खरी आहे," मी म्हणालो.

"खरी आहे म्हणून तर आलो," अमीनसाहेब मराठीत म्हणाले, आणि उठून गेले.

मी दोन दिवस हटून बसलो. मला माझी अब्रू दिसत होती. मास्तरांसमोर उभं राहून मी खोटं लिहिलं असं सांगायचं, म्हणजे त्या वर्गातून उठायचंच. बातम्या लिहिणं, तेवढंच एक काम मला आयुष्यात करायचं होतं. वहिनीनं एकदाही आग्रह केला नाही. माझ्या पानात भाकरी वाढली, तिळाची चटणी वाढली, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना शांतपणे म्हणाली, "भावजी, तुमचं एक खोटं ठरलं तर तुमी दुसरं खरं लिवाल. तुमाला पुणं हाय, मुंबई हाय. ह्या पोरींना ह्या खोलीबिगर जागा न्हाय."

मी हात धुतला आणि कागद घेतला.

पहिला खुलासा मी अर्धं पान लिहिला. त्यात खेद होता, गैरसमज होता, सहृदय वाचकांची क्षमा होती. वहिनीनं तो वाचला आणि पेन्सिल मागितली. "खोटं बोलायचं तर थोडक्यात बोलावं, भावजी. लांबण लावली की वास येतो." तिनं सगळं खोडून दोन वाक्यं ठेवली. परंडे येथील मुलींच्या शाळेविषयी छापलेली बातमी निराधार आहे. अशी कोणतीही शाळा तेथे अस्तित्वात नाही. मास्तरांच्या हाताखाली इतके महिने काढून मला जे जमलं नव्हतं, ते ह्या बाईनं चुलीपुढं बसून करून दाखवलं.

पुण्याला परत गेल्यावर मी तो कागद मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"म्हणजे त्या चौदा मुली?"

"नाहीत."

"तो कापूस? त्याखालच्या पाट्या?"

"मनचं लिहिलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. मी त्यांना खरं का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. मास्तरांना खरं कळलं असतं तर ते त्याच आठवड्यात निषेधाचा अग्रलेख लिहिल्यावाचून राहिले नसते. तेच तर त्यांनी आम्हाला शिकवलं होतं. त्यामुळं मी मान खाली घालून उभा राहिलो आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला शिक्षक मला खोटारडा समजतो आहे हे बघत राहिलो.

"खुलासा छापायला देतो," ते म्हणाले. "तुम्ही कथा लिहा. बरी लिहाल. बातमीच्या वाटेला जाऊ नका." मग, मी दारापर्यंत गेल्यावर, "उद्यापासून वर्गाला येण्याची गरज नाही."

मी गेलो नाही. कॉलेज तेवढं पुरं केलं. पुढं निजामी संपल्यावर त्यांना जाऊन सगळं सांगायचं मनात होतं, पण तोवर मास्तर राहिले नव्हते. ही गोष्ट मला अजून टोचते. वृत्तपत्रात मी पुढं नोकरी केली नाही. मुलांना भूगोल शिकवला.

पण त्या वर्षीची एक गोष्ट सांगायची आहे. चैत्रात मी घरी गेलो. अमिनांचा जबाब वर गेला होता, कागद बंद झाला होता, आणि वाती पुन्हा सुरू झाल्या होत्या एवढं अण्णाच्या पत्रातून कळलं होतं. तरी खोलीत जायला माझा पाय उचलेना. मी दुकानातच अण्णाशेजारी बसलो. दार अर्धवट उघडं होतं.

आत वहिनी वाचन घेत होती. पुस्तकं नव्हतीच. लढाईत कागद मिळत नव्हता, म्हणून जे छापील हाती पडेल त्यावर ती शिकवायची. साबणाचं वेष्टण, पंचांगाचं पान, काहीही. अमीनसाहेबांनी त्यांच्या कचेरीतलं एक कात्रण काम झाल्यावर लेकीच्या हाती पाठवून दिलं होतं. तेच त्यांच्या लेकीच्या हातात होतं, आणि तिचं बोट अक्षरांखालून सरकत होतं.

"अशी... कोणतीही... शाळा... तेथे..."

ती अडली. बाकीच्या पोरी पुढं वाकल्या. वहिनीनं सांगितलं नाही, वाट बघितली.

"अस्... अस्ति... अस्तित्वात... नाही."

"शाब्बास," वहिनी म्हणाली. "आता समद्या मिळून. मोठ्यांदा."

अण्णानं तराजू खाली ठेवला. पोरी एका सुरात ते वाक्य वाचायला लागल्या, आणि मी गादीवर बसून, गिऱ्हाईक समोर उभं असताना, रडलो.